लाटेचा अंदाज किनाऱ्याआधीच थांबतो

पावसाळा आला की गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात, समुद्रात उतरू नका असे इशारे निघतात आणि तरीही बुडण्याच्या घटना थांबत नाहीत. पर्यटकांच्या बेफिकिरीवर बोट ठेवून आपण मोकळे होतो. बेफिकिरी आहेच, पण इशाऱ्यातही एक उणीव आहे.

हैदराबादचे ‘इन्कॉइस’ लाटांची उंची, दिशा आणि आवर्तनकाळ यांचे पूर्वानुमान देते. खुल्या समुद्रात ते बरेच विश्वासार्ह ठरते. अडचण असते ती किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. पुढे उथळ पाण्यात ती मंदावते, आखडते, उंचावते आणि खोलीच्या साधारण ०.७८ पट उंची गाठताच फुटते. तळाच्या उतारानुसार हा आकडा बदलतो. तरी दीड मीटरची लाट सुमारे दोन मीटर पाण्यात कोसळेल, असे ढोबळमानाने म्हणता येते.

फुटण्याची क्रिया गणितात बसवणे मात्र कठीण. पाणी, हवा आणि फेस एकजीव होतात. १९७८ साली बॅटजेस आणि यान्सेन यांनी फुटणारी लाट ही पुढे सरकणारी पाण्याची भिंत मानून तिच्या ऊर्जेचा ऱ्हास मोजण्याची तोड काढली. डेल्फ्ट येथे विकसित झालेल्या ‘स्वॉन’ प्रतिमानात ती आजही वापरली जाते. परंतु या प्रतिमानाला तळाचा अचूक नकाशा लागतो, आणि आपल्या किनाऱ्यावरील रेती स्थिर नसते. पावसाळी लाटा पुळणीवरील रेती ओढून आत नेतात, तिचे बांध रचतात. पाऊस सरल्यावर ती हळूहळू परतते. गेल्या वर्षीचा नकाशा यंदा निरुपयोगी ठरू शकतो.

जीव जातो तो याच बांधांच्या फटीत. बांधावर लाटा फुटतात, पाणी किनाऱ्याकडे साचते आणि खोल फटीतून वेगाने समुद्राकडे परतते. फटीत लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून पाणी शांत दिसते. अनोळखी माणूस नेमका तेथेच उतरतो. बावटा त्याला समुद्र धोक्याचा आहे एवढेच सांगतो, ही ओढ कोठे आहे ते सांगत नाही.

उंचावरील कॅमेऱ्याने काही मिनिटांची छायाचित्रे एकत्र केली, तर फेसाच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून बांध कोठे आहेत ते कळते. ही पद्धत नवी नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्याच दोनापावलात आहे, आणि जीवरक्षकांना तर रोजच्या पाण्याची ओळख असते. कळंगुट, बागा यांसारख्या गर्दीच्या किनाऱ्यांचे मोजमाप पावसाळ्यापूर्वी व नंतर करून ते पूर्वानुमानाला जोडण्याचे काम सरकारने हाती घ्यावे.