पेढी आणि कन्या

आपल्या व्यापारी समाजात मुलीने शिकावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मीला लिपी व सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आदिपुराण सांगते. म्हणजे परंपरेनेही लेखन आणि गणित यांचा पहिला पाठ कन्यांनाच मिळाला. आज बेळगाव, निपाणी या भागांत आपल्या मुली वाणिज्य शाखेच्या पदव्या घेतात. कित्येकजणी सनदी लेखापाल होतात. प्रश्न आहे तो पुढचा. त्या विद्येला आपल्या पेढीवर स्थान काय?

२००१ सालच्या जनगणनेतील दोन आकडे प्रत्येक व्यापाऱ्याने शेजारी शेजारी मांडून पाहावेत. जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, म्हणजे देशातील प्रमुख धर्मसमाजांत सर्वांत अधिक. आणि काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेलेल्या जैन स्त्रिया अवघ्या ९.२ टक्के, म्हणजे सर्वांत कमी. यावरून आपल्या स्त्रिया स्वस्थ बसतात, असे कोण म्हणेल? घरचे सारे आटोपून सून संगणकावर बिले तयार करते, जीएसटीची विवरणपत्रे भरते, उधारीच्या याद्या काढते. परंतु तिच्या नावे पगार पडत नाही. काही पेढ्यांत स्त्रियांची नावे भागीदार म्हणून असतात खरी. पण ती बहुधा कराच्या सोयीसाठी. दाखवील तेथे सही करावी, एवढाच त्यांचा कारभार. जे रोजकीर्दीत लिहिले नाही ते खतावणीत येत नाही, आणि खतावणीत नाही ते ताळेबंदात दिसत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

कायदा मात्र पुढे गेला आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. त्याने मुलीला वडिलांच्या वारसांत स्थान दिले. तथापि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील जन्मसिद्ध हक्क मुलाकडेच राहिला. कर्नाटकाने १९९४ मध्ये तो हक्क मुलीसही दिला, परंतु त्याआधी विवाह झालेल्या मुली वगळल्या. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर विवाहित-अविवाहित असा भेद न ठेवता मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

आणि आपण काय केले? हक्कसोडपत्राचा कागद शोधून काढला! वडिलांच्या निधनाचे दुःख ओसरण्यापूर्वीच बहिणीपुढे तो ठेवला जातो. तिने सही केली तर ती गुणाची. वाचावयास मागितला तर लोभी. माहेर तुटेल या भयाने दिलेली संमती व्यापारात तरी आपण खरी मानू काय?

याउपर पेढीची गोष्ट निराळी आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदार मृत्यू पावला, तर त्याचे वारस आपोआप भागीदार होत नाहीत. करारात तरतूद नसेल तर पेढीच विसर्जित होते. म्हणजे मुलीला पैशाचा वाटा मिळेल; पण गादीवर बसण्याचा मान कोणतेही न्यायालय तिला देऊ शकणार नाही. तो भागीदारीपत्र लिहिणाऱ्या आपल्याच हाती आहे.

मुलीला भाग दिला तर पेढी फुटेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. घाऊक व्यापार भांडवलावर चालतो आणि भांडवल एकाएकी निघाले तर पेढी बसते. परंतु घाऊक धान्याच्या व्यापारात माझे आयुष्य गेले. या काळात फुटलेल्या ज्या पेढ्या मी पाहिल्या, त्या भावाभावांच्या भांडणाने फुटल्या. म्हणून मुलांना भाग देणे कोणी थांबविले नाही. दूरगावी असलेल्या बहिणीचे भांडवल पेढीत राहू शकते, व्याज व नफा तिला वेळेवर पोहोचू शकतो. लग्नात खर्च केला, असेही सांगितले जाते. तो खर्च मांडवात झाला. मुलाच्या लग्नाचा खर्च आपण त्याच्या वाट्यातून कधी वजा केला आहे काय?

तेव्हा सभासद बंधूंना माझी तीन विनंतीवजा सूचना आहेत. पहिली, मुलगी शिकत असतानाच तिला मुलाप्रमाणे पेढीवर बसवावे. मालाची पारख, भाव आणि पत या गोष्टी महाविद्यालयात मिळत नाहीत. दुसरी, घरातील जी स्त्री हिशेबाचे काम करते तिचा पगार खर्ची टाकावा व तो तिच्याच खात्यात जमा करावा. तिसरी, भागीदारीपत्र नव्याने लिहिताना मुलीचा विचार करावा, आणि हक्कसोडपत्र तिने आपणहून मागितल्याशिवाय तिच्यापुढे ठेवू नये.

अचौर्य व्रतात खोटी मापे वापरणे हा अतिचार मानला आहे. ग्राहकासाठी एक माप आणि स्वतःसाठी दुसरे ठेवणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो, ते सर्वांस ठाऊक आहे. मुलासाठी एक आणि मुलीसाठी दुसरे माप ठेवणाऱ्या घराला निराळा न्याय लावता येणार नाही. येत्या दिवाळीस वहीपूजन करताना नव्या वहीच्या पहिल्या पानावर हा विचार व्हावा, एवढीच प्रार्थना.