रस्ता सुनसान आहे, पण कोणासाठी?



दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस एकटी सायकलवर फिरून आले. वर्धा, पवनार, सेलू, हिंगणी, बोरधरण आणि परत येताना आतल्या रस्त्यांनी येळाकेळी. सगळं मिळून ७०-७५ किलोमीटर. रोज व्यायाम करणाऱ्यांना हे काहीच वाटणार नाही. पण मी रोज स्कूटीने शाळेत जाणारी, दोन लेकरांची आई. त्यामुळे घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि रस्त्यातल्या जवळपास प्रत्येक माणसाने एकच प्रश्न विचारला, "एकट्याच काहून चालल्या मॅडम?"

त्याचं उत्तर द्यायला हा लेख लिहीत आहे.

मागच्या वर्षी आमच्या शाळेतून सातवी पास झालेली एक मुलगी आठवीत गेलीच नाही. अभ्यासात चांगली, भूमितीत तर पहिली. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा दुसऱ्या गावात, साडेचार किलोमीटरवर. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही. मी तिच्या घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, शाळेबद्दल काही म्हणणं नाही आमचं. पण रस्ता सुनसान आहे. पोरगी एकटी कशी पाठवू?" मी म्हणाले, "रस्त्यात काही भीती नाही हो भाऊ, सायकलने वीस-पंचवीस मिनिटं." त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही गेल्या का कधी त्या रस्त्याने सायकलनं?"

मी गेले नव्हते. सहा वर्षं त्या गावात नोकरी केली, पण माझा रस्ता डांबरी, मोठा आणि वर्धेकडे जाणारा. ज्या रस्त्यावर मी तिला पाठवायला निघाले होते, तो मी पाहिलाही नव्हता. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

म्हणून सुट्टी लागताच सगळ्यात आधी तो साडेचार किलोमीटरचा रस्ता सायकलने केला, आणि मग वाटलं की आता जिल्हाही थोडा पाहू.

आतल्या रस्त्यांवर काय दिसतं? पहिली गोष्ट म्हणजे, आपण ज्याला सुनसान म्हणतो तिथे माणसं असतात. कापूस वेचणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंनी बाया ओटीत कापूस घेऊन वाकलेल्या. तूर फुलावर आलेली. पांदणीतून बैलबंडी निघते, कोणी मोटर सुरू करायला चाललेला असतो. गाडीतून हे सगळं "शेत" म्हणून एका झटक्यात मागे जातं. सायकलवर त्या बाया हाक मारतात, पाणी विचारतात, आणि "कोणाच्या घरच्या तुम्ही?" हेही विचारतात. पवनारजवळ धाम नदीच्या पुलावर थांबले. पलीकडे टेकडीवर विनोबांचा आश्रम. १९५१ साली विनोबा याच भागातून पायी हैदराबादकडे निघाले आणि त्याच वाटेवर पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली. हे मी वर्गात दहा वेळा सांगितलं असेल. पण पहिल्याच चढावर दम लागल्यावर 'पायी' या शब्दाचा अर्थ मला नीट समजला.

परतीच्या वाटेवर समृद्धी महामार्ग आडवा आला. ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलला आणि दुचाकीला परवानगी नाही. मी खालच्या बोगद्यातून गेले. वरून गाड्या सुसाट आणि खालून मी, चार म्हशी आणि एक गुराखी. खेड्यातल्या लेकरांचा रस्ता हा खालचा आहे. त्याची चर्चा आपण फार कमी करतो.

आता भीतीबद्दल. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दोन गावांत कुत्री मागे लागली. एका ठिकाणी रेतीचा टिप्पर इतक्या जवळून गेला की मी सायकलसकट कडेच्या मातीत उतरले. बोर हा २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे जंगलाच्या बाजूने मी उन्हातच गेले आणि पाच वाजायच्या आत हिंगणीला मैत्रिणीच्या घरी पोचले. पण माझ्या लक्षात आलं की 'भीती' हा एक शब्द नाही, त्याचे तुकडे करता येतात. त्या मुलीच्या साडेचार किलोमीटरमध्ये खरी अडचण तीन ठिकाणीच होती. एका वळणावर बाभळीची झुडपं रस्त्यावर आलेली, समोरचं काही दिसत नाही. एक रपटा फुटलेला. आणि साधारण दीड किलोमीटरचा पट्टा, जिथे संध्याकाळी शेतातली माणसं घरी गेल्यावर कोणीच नसतं. "रस्ता सुनसान आहे" यावर काही उपाय नसतो. "वळणावरची झुडपं तोडायची आहेत" यावर असतो.

माझं मत स्पष्ट आहे. मुलींचं शिक्षण आठवीत थांबतं तेव्हा आपण पालकांच्या मानसिकतेला दोष देऊन मोकळे होतो. आरटीईच्या नियमाप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. निवडक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदतही मिळते. पण सायकल दिली म्हणजे रस्ता दिला असं होत नाही. तो रस्ता आधी कोणीतरी मोठ्या माणसाने स्वतः करून पाहायला हवा, आणि माझ्या मते ते काम शिक्षकाचं आहे.

काही सहकारी म्हणतील, आधीच ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, प्रशिक्षणं, त्यात हे आणखी कुठे? मान्य आहे. मीही त्यातलीच. पण याला एक सकाळ लागते. आणि हे आपल्या जिल्ह्याला नवीनही नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, त्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती आणि नई तालीम आली. शिक्षण हाताच्या कामाशी आणि परिसराशी जोडायचं, हा विचार इथूनच देशभर गेला. डी.एड.ला आम्ही तो पाठ केला, दहा मार्कांचं उत्तर लिहिलं. परिसर भेटीचं टाचणही काढलं. परिसरात मात्र गेलो नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. सुट्टीनंतर मी त्या तीन अडचणी कागदावर काढून ग्रामपंचायतीत दिल्या. झुडपं आठ दिवसांत तुटली. रपटा अजून तसाच आहे. एका रविवारी तीन मुलींचे वडील, त्या मुली आणि मी असे सगळे सायकलने त्या शाळेपर्यंत जाऊन आलो. येताना एक वडील म्हणाले, "लय वर्षांनी चालवली सायकल." आता दोन मुली सोबत जातात. संध्याकाळी त्या दीड किलोमीटरच्या पट्ट्यात आळीपाळीने एकेका घरचं माणूस थांबतं. तिसरीचे वडील अजून तयार नाहीत. ती तिसरी म्हणजे माझी भूमितीतली पहिली. मी पुन्हा जाणार आहे.

शिक्षकांनो, आपल्या शाळेतून मुलं पुढे ज्या शाळेत जातात, तो रस्ता एकदा सायकलने करा. शक्यतो शाळा सुटायच्या वेळी. पाणी, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान सोबत ठेवा. कुठे थांबावं लागलं ते लिहून ठेवा. तिसरीच्या वर्गाला 'आपला जिल्हा' शिकवताना तेच कागद कामी येतात, हा अनुभव आहे.

पालकांनो, मुलीला एकटी पाठवा असं मी म्हणत नाही. आधी एकदा तिच्यासोबत जा. रस्त्यावर जितकी माणसं, तितका तो कमी सुनसान. आणि त्या माणसांत तुमची मुलगीही मोजा.