खोपोलीचा जमाखर्च आणि आपले करजण



गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने खोपोलीला जाण्याचा योग आला. महाराष्ट्रातील आपल्या नातेवाइकांना 'करजण' सांगितले की निम्मे लोक 'कर्जत' ऐकतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. या वेळी खरोखरच कर्जतला उतरलो आणि तिथून फाट्यावरची लोकल पकडून खोपोली गाठली. गाडी थांबली, समोर सह्याद्रीची भिंत. पुढे रूळच नाहीत. लग्न दुपारी आटोपले, गाडीला वेळ होता, म्हणून गावातून एक फेरफटका मारला. त्या फेरफटक्यात जे मनात आले ते आज आपल्यापुढे ठेवत आहे, कारण ते नुसते खोपोलीचे नाही, आपलेही आहे.

खोपोली हे घाटाच्या पायथ्याचे जुने गाव. पेशवाईत पुण्याहून कोकणात उतरणारा माणूस इथे थांबे. नाना फडणविसांनी इथे तलाव बांधला, वीरेश्वराचे देऊळ बांधले. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि तीनच वर्षांत, १८५६ साली, ती खोपोलीला येऊन टेकली. तेव्हाचे शेवटचे स्टेशन हेच. इथे उतरून पालखीने, बैलगाडीने किंवा तट्टावरून घाट चढायचा आणि वर खंडाळ्याहून पुन्हा गाडी धरून पुणे गाठायचे. त्या सात वर्षांत खोपोलीला सोन्याचे दिवस होते म्हणायचे.

मग १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला. पंचवीस बोगदे खोदले गेले. कॉलरा, हिवताप, दरडी आणि सुरुंग यांत हजारो मजुरांचे प्राण गेले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. हा मार्ग अलीकडच्या पळसदरीहून वर चढला आणि खोपोली फाट्यावर पडली. पुढे २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला तेव्हा तेच झाले. जुन्या रस्त्याने गावातून जाणारी वर्दळ गावाबाहेरून निघून गेली. रस्ता आला म्हणजे भरभराट आली असे आपण धरून चालतो, पण रस्ता जसा येतो तसा तो जातोही!

खोपोलीचे नाव झाले ते विजेने. जमशेटजी टाटांची ही कल्पना. १९०४ मध्ये ते गेले, तेव्हा ती कागदावरच होती. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, भांडवल देशातच उभे राहिले, संस्थानिकांनीही पैसा घातला. १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ पासून खोपोलीची वीज सुमारे ७० किलोमीटरवरच्या मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. योजना मोठी हुशारीची. घाटमाथ्यावर पाऊस चार महिने कोसळतो. तो लोणावळा, वळवण अशा तलावांत अडवायचा आणि मोठ्या नळांतून ५०० मीटरहून अधिक खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडायचा. उंची एवढी की थोड्या पाण्यात भरपूर वीज. गिरण्यांची धुरांडी थंडावली, दगडी कोळशाचा खर्च वाचला. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजगृहे उभी राहिली. हिंदुस्थानच्या उद्योगात हे पाऊल मोठेच होते, यात शंका नाही.

पण मी बँकेत कारकून आहे आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमेची बाजू वाचली की नजर आपोआप नावेच्या बाजूकडे जाते.

नावेच्या बाजूला पहिली नोंद पाण्याची. ते तलाव भीमेच्या खोऱ्यातले. एरवी ते पाणी पंढरपूर, सोलापूरच्या दुष्काळी मुलखाकडे गेले असते. ते घाटाच्या पश्चिमेला उतरवले गेले. वीज करून झाल्यावर ते पाताळगंगेला मिळते, त्यावर खालची कारखानदारी आणि वस्ती जगते. म्हणजे एकाची जमा ती दुसऱ्याची नावे. या पाण्यावरचा वाद महाराष्ट्रात अजून मिटलेला नाही.

दुसरी नोंद जमिनीची. भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशीचे धरण बांधायला घेतले तेव्हा मावळ्यांची पन्नासच्या आसपास गावे त्यात जाणार होती. १९२१ च्या एप्रिलमध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो १९२४ पर्यंत चालला. बापट तुरुंगात गेले. धरण झाले. मोबदला बऱ्याच अंशी सावकारांच्या हाती पडला, कारण जमिनी गहाण होत्या. कसणारा मावळा हात हलवत डोंगरावर चढला. धरणग्रस्तांचा जगातला हा पहिल्या लढ्यांपैकी एक मानला जातो, आणि तो लढणारी माणसे आपल्याच भाषेची होती.

तिसरी नोंद कारखान्यांची. स्वातंत्र्यानंतर रेल्वे, रस्ता, पाणी आणि मुंबईचे सान्निध्य पाहून १९६० नंतर खोपोली परिसरात पोलादाचे, नळांचे, रसायनांचे, कागदाचे कारखाने आले. महिंद्र युजीन पोलाद १९६२ चे, उत्तम गाल्वा १९८५ चे. देशभरातून माणसे आली, गावाचे शहर झाले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ७० हजारांवर गेली. हजारो घरांत नियमित पगार आला, मुले शिकली. हे जमेला धरलेच पाहिजे. ज्यांच्याकडे मी लग्नाला गेलो होतो ते घर कारखान्याच्या पगारावरच उभे आहे. पण पाट्यांकडे पाहा. महिंद्र युजीनचे मालक बदलले. भूषण स्टील २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून टाटा स्टीलकडे गेले. उत्तम गाल्वा त्याच वाटेने २०२२ मध्ये आर्सेलर मित्तल-निप्पॉनच्या ताब्यात गेले. सौदे दिल्ली-मुंबईला झाले. खोपोलीला कोणी विचारले नाही, आणि विचारण्याची पद्धतही नाही.

चौथी नोंद लिहिताना हात थबकतो. खोपोलीच्याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. मदत पथकांना पायी डोंगर चढावा लागला, कारण वाडीला रस्ताच नव्हता. ज्या तालुक्याने शंभर वर्षे मुंबईला वीज दिली, ज्यातून देशातला पहिला द्रुतगती महामार्ग जातो, त्या तालुक्यातली ही गोष्ट!

आता आपल्याकडे येऊ.

खोपोलीला रेल्वे पोहोचल्यावर सहा वर्षांनी, १८६२ साली, खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम ही देशातली पहिली अरुंद रुळांची गाडी सुरू केली. ती सुरुवातीला बैल ओढत. कानमच्या काळ्या जमिनीतला कापूस तिने बाहेर जाई. म्हणजे करजणही तसे वाटेवरचेच गाव. आज ४८ नंबरचा महामार्ग, मुंबईची मुख्य रेल्वे, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आणि बुलेट ट्रेनचा मार्ग हे सगळे आपल्या तालुक्यातून जाते. त्याच्या कडेला कारखाने आणि गोदामे वाढत आहेत. डोंगर नाही एवढाच फरक.

काउंटरच्या आत बसून मी जे पाहतो ते सांगतो. नावे सांगणार नाही, सांगूही नये. जमीन गेल्याचा धनादेश जमा होतो. त्या दिवशी खातेदार पेढे वाटतो. पहिल्या वर्षी मोटार येते, दुसऱ्या वर्षी लग्न होते, मग घराचा मजला चढतो. काही वर्षांत ती मुदत ठेव मोडायला तोच माणूस पुन्हा रांगेत उभा असतो, आणि त्याचा मुलगा शेजारच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे बारा तासांच्या पाळीवर असतो, तोही ज्या जमिनीवर आजोबांनी कापूस घेतला तिथेच. यात आपल्या समाजाची घरे आहेत, पटेलांची आहेत, वसाव्यांचीही आहेत. हा प्रश्न मराठी-गुजराती असा नाहीच.

आपले पणजोबा गायकवाडीत इथे आले ते बहुतेक दप्तर सांभाळायला. महालाची वही, शाळेची वही, रेल्वेची वही त्यांच्या हातची असे. त्यांची नातवंडे-पतवंडे आपण, गणेशोत्सवाची वर्गणी पैशापर्यंत चोख लिहितो, पण तालुक्याची किती जमीन गेली, किती पाणी कोणत्या दराने गेले, किती स्थानिक मुले कायम नोकरीत लागली, याची एक ओळही आपल्याकडे नाही. ग्रामसभेला आपण जात नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार घरी आला की चहा देतो आणि 'आपला माणूस' आहे का एवढेच पाहतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. एक, पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला तीनच प्रश्न विचारावेत. कारखान्यांकडून कर किती येतो? त्यांचे सांडपाणी कुठे जाते? स्थानिकांना कायम नोकऱ्या किती? उत्तर नसेल तर चहा जरूर द्यावा, मत देऊ नये. दोन, जमिनीचा पैसा हाती येईल त्या घराने मुद्दलाला हात लावण्यापूर्वी मुलांच्या शिक्षणाचा, विशेषतः आयटीआयमधल्या कौशल्यशिक्षणाचा वाटा बाजूला काढावा. कागद समजून घ्यायला मी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसायला तयार आहे. तीन, मंडळाने एक वही घालावी. गेलेली जमीन आणि मिळालेले काम, दोन्ही बाजू, दरवर्षी. शेजारच्या समाजांनाही त्यात बोलवावे.

खोपोलीने कोणाचे वाईट केले नाही. तिने पाणी दिले, वाट दिली, जमीन दिली. चूक झाली ती एवढीच की देताना हिशेब लिहून घ्यायला तिथे कोणी बसले नव्हते. आपल्याकडे अजून वेळ आहे. विचार व्हावा, ही नम्र विनंती.