‘सज्जन’ खेळाडू कोणाला हवा असतो? बाळू पालवणकर आणि चाहत्यांचे तीन निवाडे

१/ क्रिकेटरसिकांच्या चर्चेत बाळू पालवणकर यांचे नाव निघाले की तीन निवाडे ठरलेले असतात. पहिला : क्रिकेटने जात मोडली, बाळू हे त्याचे उदाहरण. दुसरा : काय तो विनय! आजच्या उर्मट खेळाडूंनी त्यांच्याकडून शिकावे. तिसरा : अखेरीस ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, विषय संपला. इतिहासाच्या कसोटीवर या तिन्हींपैकी एकही टिकत नाही. #थ्रेड

२/ पहिला निवाडा कामगिरीविषयी आहे, दुसरा वर्तनाविषयी, तिसरा प्रतिमेविषयी. आजही कोणत्याही खेळाडूविषयीचे आपले मत याच तीन खणांत बसते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीच्या एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे प्रकरण पुन्हा उघडणे आवश्यक आहे.

३/ आधी कामगिरी. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. म्हणजे एका बळीमागे जेमतेम १५ धावा. भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ साली. तोवर बाळूंचे मैदानावरचे दिवस केव्हाच सरले होते. कसोटीच्या तक्त्यांवरून ‘सार्वकालिक संघ’ निवडणाऱ्यांना ते सापडत नाहीत, याचे कारण एवढेच.

४/ १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी २ जिंकले, १० हरले. अशा पडत्या संघाकडून बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी मिळवले. फलंदाज धावाच करीत नसताना गोलंदाजाने हे करून दाखवणे किती कठीण असते, हे ज्याने दोन दिवस मैदानात क्षेत्ररक्षण केले आहे त्याला समजावून सांगावे लागणार नाही.

५/ त्या संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. ते मोजके सामने खेळले आणि उरलेला काळ दरबारी भेटीगाठींत व मेजवान्यांत गेला. संघातील उत्कृष्ट फलंदाज मिस्त्री हे त्यांचे सेवक. तेही महाराजांबरोबर संघाबाहेर राहिले. तरीही क्रिकेटच्या आठवणींत महाराजांच्या ‘वर्तना’चा हिशेब क्वचितच मांडला जातो. तिथे शब्द येतो तो ‘शौकीन’. वर्तनाचा दाखला मागितला जातो तो चर्मकार घरातल्या गोलंदाजाकडे.

६/ हा गोलंदाज घडला कसा? वडील लष्करी नोकरीत, म्हणून कुटुंब पुण्यात. पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकणे, पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास युरोपीयांच्या पूना क्लबात तेच काम, पगार ४ रुपये.

७/ तिथे जे. जी. ग्रेग हा नामवंत इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी येऊन सराव करी आणि बाळू त्याला गोलंदाजी करीत. बाद केल्यास ग्रेग आठ आणे देई, अशी आठवण सांगितली जाते. शेकडो तास चेंडू टाकला. पण त्या क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधी दिली गेली नाही. बॅट साहेबाची, घाम नोकराचा. ही वाटणी लक्षात ठेवावी. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती वेगळ्या रूपात भेटते.

८/ इथे ‘लगान’चा उल्लेख अटळ आहे, कारण बाळूंविषयीच्या बहुतेक पोस्ट ‘खरा कचरा’ या शीर्षकाने फिरतात. चित्रपटाचा काळ १८९३. म्हणजे बाळू पूना क्लबात चेंडू टाकीत होते तोच काळ. पण चित्रपटातील कचऱ्याचा चेंडू वळतो तो अधू हातामुळे. त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. दुसरा कोणीतरी ते हेरतो आणि त्याला संघात घेतो.

९/ बाळूंचा चेंडू वळत होता तो मेहनतीमुळे. उत्तम फलंदाजासमोर वर्षानुवर्षे टप्पा, उंची आणि वेग बदलीत त्यांनी ती कला कमावली होती. दलित खेळाडूचे कौशल्य हा दैवयोग आणि त्याची निवड हे नायकाचे औदार्य, अशी मांडणी प्रेक्षकाला सुखावते. तिच्यात खेळाडूचे कर्तृत्व मात्र शिल्लक राहत नाही. प्रेमाने दिलेले हे ‘खरा कचरा’ बिरुद म्हणूनच अन्याय करणारे आहे.

१०/ आता ‘क्रिकेटने जात मोडली’ हा दावा. पुण्यातील हिंदू संघाला युरोपीयांना हरवायचे होते आणि साहेबाला रोज चकवणारा गोलंदाज हाताशी होता. काहींचा विरोध झाला, तरी बाळू संघात आले. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र सवर्ण खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. हात धुवायचे तर दलित नोकराने मैदानाच्या कडेला येऊन पाणी ओतायचे.

११/ याला जात मोडणे म्हणत नाहीत. चेंडूपुरता विटाळ स्थगित करणे म्हणतात. जात इथे व्यवहारी झाली : जिंकण्यासाठी लागेल तेवढीच सैल, चहाला बसताना पुन्हा घट्ट.

१२/ प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईच्या युरोपीय संघाला १०९ धावांनी हरवले. बाळूंसोबत धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या सुधारकी पत्राने या विजयाचा संबंध थेट जातिभेद सैल करण्याशी जोडला. सुधारकांचा आनंद खोटा नव्हता; पण तो अपुऱ्या पुराव्यावर उभा होता. खरी परीक्षा कर्णधारपदाची होती.

१३/ कर्णधार सर्वांना हुकूम देतो. कोणी कुठे उभे राहायचे, कोणी कधी चेंडू टाकायचा, हे तो ठरवतो. चर्मकार खेळाडूने बळी घ्यावेत, हे मान्य. त्याने ब्राह्मण खेळाडूला ‘तू सीमारेषेवर जा’ म्हणावे, हे अमान्य. वर्षामागून वर्षे गेली, संघातील सर्वांत ज्येष्ठ व यशस्वी खेळाडू बाळूच राहिले आणि कर्णधारपद इतरत्र फिरत राहिले. कर्णधार एम. डी. पै यांनीच एका सत्कारप्रसंगी हा मान खरे तर बाळूंचा होता, अशी जाहीर कबुली दिली. हरलेल्या माणसाचे रडगाणे म्हणून ही तक्रार उडवून लावता येत नाही. साक्ष लाभार्थ्याची आहे.

१४/ आता दुसरा निवाडा : विनय. महिना ४ रुपये मिळवणारा, सवर्णांच्या मर्जीवर संघातले स्थान टिकवणारा माणूस उद्धट होऊन कुठे जाणार होता? जिथे बोलण्याची किंमत उपजीविका असते, तिथल्या मौनाला सद्गुण म्हणणे ही ऐकणाऱ्याची सोय आहे. आणि पालवणकर बंधू कायम मौन राहिले, हेही खरे नाही.

१५/ साल १९२०. जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. डिसेंबरात नागपूर काँग्रेसने असहकाराच्या ठरावात अस्पृश्यता निवारणाचा समावेश केला. आणि त्याच वर्षी चौरंगी सामन्यांच्या हिंदू संघातून बाळूंना वगळण्यात आले.

१६/ पै आजारी असल्याने नवा कर्णधार हवा होता. ज्येष्ठतेने आणि कामगिरीने हक्क विठ्ठल पालवणकर यांचा होता. नेमणूक झाली ती दि. ब. देवधर यांची. देवधर थोर फलंदाज होते, याविषयी दुमत नाही. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नव्हताच. प्रश्न असा होता की, ज्येष्ठ खेळाडू डावलला जाताना दर वेळी तो पालवणकरच कसा असतो?

१७/ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि निवडीमागे जात असल्याचा जाहीर आरोप केला. आजच्या समाजमाध्यमांवर हे घडले असते तर पुढचे सगळे शब्द तयार होते : अहंकार, संघभावनेचा अभाव, ‘खेळात राजकारण’. ज्या कुटुंबाच्या विनयाचे गोडवे गायले जातात, त्या कुटुंबाने ऐन स्पर्धेत बहिष्कार टाकला होता, हे त्या गोडव्यांत कधी येत नाही.

१८/ परिणाम काय झाला? लोकमत तापले. पुढच्या सामन्याला पै परतले, बंधू संघात आले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा सूत्रे बाळूंनी हाती घेतली. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्याच वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. बदलत्या राजकीय हवेचा यात वाटा होता, हे खरे. पण दशकभराच्या बळींनी जे दिले नाही, ते एका नकारानंतर तीन वर्षांत मिळाले, हा क्रमही तितकाच खरा.

१९/ म्हणून ‘खेळाडूने खेळावे, बोलू नये’ हे वाक्य तपासून पाहावे. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीपटूंनाही तेच ऐकवले गेले. पदक आणताना जो देशाचा, तो तक्रार करताना एकदम ‘राजकारणी’ होतो. यात बदलतो तो खेळाडू नव्हे. चाहत्याची सोय बदलते.

२०/ तिसरा निवाडा : प्रतिमा. बाळूंविषयीच्या पुष्कळ लेखनात १९२० नंतर एकदम मृत्यूचे साल १९५५ येते. मधला राजकीय काळ गायब. कारण तो अडचणीचा आहे. बाळू स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात आणि संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले. १९३२च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, तशी बाळूंचीही आहे.

२१/ १९३७च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकर विजयी झाले. दोघांत सुमारे २,००० मतांचे अंतर होते. तरुणपणी आंबेडकरांना याच बाळूंचा अभिमान होता, असे चरित्रकार नोंदवतात. ज्याच्या बळींवर एक पिढी ताठ मानेने चालायला शिकली, तोच तिच्या सर्वांत मोठ्या नेत्यासमोर उभा राहिला. हे दुखणारे आहे आणि दुखायलाच हवे.

२२/ बाळूंची ती भूमिका चुकली, असे म्हणण्याला भक्कम आधार आहे. स्वतंत्र मतदारसंघांमागचा आंबेडकरांचा युक्तिवाद राजकीयदृष्ट्या अधिक खोल होता आणि काँग्रेसला बाळूंच्या लोकप्रियतेचा उपयोग करून घ्यायचा होता, हेही उघड आहे. ही टीका रास्त. पण टीका करणे वेगळे आणि माणूस पुसून टाकणे वेगळे. १९३७ आठवून १९११ विसरणे जितके चूक, तितकेच १९११ मिरवून १९३७ झाकणेही चूक.

२३/ याहून वाईट वापर उलट बाजूने होतो : ‘बघा, दलित खेळाडूच आंबेडकरांविरुद्ध होता.’ ही मंडळी मातीच्या भांड्याविषयी कधी बोलत नाहीत. त्यांना बाळूंचे मत नको असते, बाळूंची जात हवी असते. १९०६ साली हिंदू संघाला त्यांचा केवळ डावा हात हवा होता, तशीच.

२४/ यावर नेहमीचा आक्षेप : ‘खेळाडूचे मूल्यमापन केवळ खेळावरून करावे, जात, राजकारण मध्ये आणू नये.’ तत्त्व सुंदर आहे. पण मग बाळूंच्या नावापुढे कर्णधार म्हणून जवळजवळ कोरी जागा का, याचे उत्तर धावफलकातून द्यावे. ते देता येत नाही. आकड्यांमध्ये जात कोणी आज घातलेली नाही. ती तिथे पहिल्या दिवसापासून आहे, बॅट न मिळालेल्या सरावापासून.

२५/ विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन १९४८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. रामचंद्र गुहा यांच्या इंग्रजी ग्रंथाने या बंधूंची कथा जगापुढे नेण्याआधी अर्धशतकभर ही साक्ष मराठीत होती. आपल्याच भाषेतली साक्ष सोडून आपण कचऱ्याच्या हॅटट्रिकवर समाधान मानले, ही चूक चित्रपटाची नाही. ती मराठी क्रिकेटरसिकांची आहे.

२६/ तेव्हा तीन निवाड्यांच्या जागी तीन विधाने. बाळू पालवणकर हे आपल्या काळातील भारताच्या सर्वश्रेष्ठ गोलंदाजांपैकी एक होते. त्यांच्या कुटुंबाने अपमान निमूट गिळला नाही; संधी मिळताच जाहीर नकार दिला. आणि ते स्वतःचे राजकीय मत असलेले, ते मांडणारे आणि त्यात चुकूही शकणारे नागरिक होते. सज्जनपणाचे प्रमाणपत्र त्यांनी मागितले नव्हते. कर्णधारपद मात्र त्यांच्या हक्काचे होते, आणि ते त्यांना शेवटपर्यंत रीतसर मिळाले नाही.

(थ्रेड समाप्त)