बिनशब्दांच्या सुरांचा गुन्हा काय?

मागच्या जुम्याला वर्ध्यात बहिणीकडे गेलो, तर भाच्याची गिटार पलंगाखाली. "मामू, बयानात सांगितलं, शब्द चांगले असतील तर गाणं चालतं, पण वाद्य हराम."

पोरगं मुंबईच्या वॉरन मेंडोन्साचं वेडं. 'झीरो' या रॉक बँडचा हा गिटारवादक. 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' या नावाने त्याने 2007 साली 'नाइट्स इन शायनिंग कर्मा' हा अल्बम काढला. त्यात गायक नाही. गायकाच्या जागी गिटारच बोलते. बयानाच्या हिशेबाने हा अल्बम म्हणजे निव्वळ गुनाह!

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, शब्दांवरच माझं पोट आहे. म्हणून ठामपणे सांगतो, माणसं तोडतात ती शब्दांनी. मशिदीसमोर डीजेवर आपल्याला डिवचतात ते शब्द. आपल्याच मंचावरून दुसऱ्या फिरक्याला काफिर ठरवतो, तोही शब्दच. गिटारच्या तारेने कुणाला शिवी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बहुसंख्य आलिमांनी वाद्यं नाजायज मानली, हे मी नाकारत नाही. पण हा मतभेद जुना आहे, तो लपवता कशाला? इब्न हज्म यांनी मनाईच्या हदीसा कमजोर ठरवल्या. इमाम गझालींनी तारवाद्यांची मनाई मान्य केली, पण 'इह्या'मध्ये कारणही सांगितलं: सुरांची गोडी हे कारण नव्हे, ती वाद्यं दारूच्या मैफिलींची ओळख बनली होती. माझ्या भाच्याच्या खोलीत दारू कुठे आहे? तिथे बीजगणिताची वही आहे.

आणि मिरज? तिथे पिढ्यानपिढ्या सतारी-तंबोरे घडवणारी घराणी मुसलमानांची. 2024 साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपणच 'माशाअल्लाह' म्हणत बातमी पुढे पाठवली. तार चढवणाऱ्या हाताचा अभिमान आणि ती छेडणाऱ्या पोराची लाज, हा कुठला न्याय?

ज्याला शंका वाटते त्याने ऐकू नये. त्याच्या परहेजगारीला माझा सलाम. पण एकच मत हाच दीन असं सांगून पोराला घरातच चोर बनवू नका. आज गिटार लपवतोय, उद्या मनातले प्रश्नही लपवील.

मी गिटार बाहेर काढली, धूळ पुसली. म्हटलं, "अजान झाली की थांब. नमाज पढ, अभ्यास कर. मग वाजव, पण दार उघडं ठेवून."