आधी सी ड्राइव्ह उघडा, मग दुकान गाठा

दहावी-बारावीचे निकाल लागले की वैजापुरातल्या सेतू केंद्रांवर आणि नेट कॅफेंत पाय ठेवायला जागा नसते. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला आणि तोवर महानगरांपुरती असलेली ही धांदल शिऊर, लोणी, महालगावच्या पालकांच्याही वाट्याला आली. त्याला जोडून महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा हे असतेच. या रांगेतल्या अनेकांच्या घरी संगणक आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मुलाच्या एमएस-सीआयटीसाठी किंवा मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, आता कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलेला. चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते: "तो हँग होतो, जुना झालाय."

जुना झालाय हे खरे. निकामी झालाय का, हे मात्र कोणी तपासलेले नसते. दुरुस्तीवाला येतो, 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणतो. फॉरमॅट मारून सहा महिने होतात न होतात तोच मशीन पुन्हा रखडते आणि मग घरात नव्या लॅपटॉपच्या हप्त्याची चर्चा सुरू होते. या सगळ्यात एक साधी गोष्ट राहून जाते. अशा संगणकांपैकी पुष्कळांचा खरा आजार वयाचा नसून गच्च भरलेल्या डिस्कचा असतो, आणि तो घरच्या घरी बरा होण्यासारखा आहे.

'धिस पीसी' उघडून पाहिले तर चित्र बहुतेक घरांत सारखेच दिसते. सी ड्राइव्हची पट्टी लाल, त्यात जेमतेम दोन-तीन जीबी मोकळे; शेजारी डी आणि ई ड्राइव्ह मात्र जवळजवळ रिकामे. जुळणी करून विकलेल्या संगणकांत पाचशे जीबीच्या डिस्कचे असे तुकडे पाडण्याची आपल्याकडे पद्धतच होती. सी मध्ये फक्त विंडोज ठेवायची, म्हणजे ती बिघडून फॉरमॅट मारला तरी डी मधले फोटो शाबूत राहतील, असा त्यामागचा हिशेब. हेतू चांगलाच होता. पण ज्या विंडोज ७ च्या काळात सी ला साठ-सत्तर जीबी भरपूर वाटले, त्याच तुकड्यात पुढे विंडोज १० कोंबली गेली. शिवाय डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर न सांगता सी मध्येच राहतात, हे कोणी कुटुंबाला सांगितले नाही. 'डेस्कटॉपवर ठेवलंय' असे म्हणत घराने दहा वर्षे जे जे जपले, ते सगळे सर्वांत लहान खोलीत रचले गेले.

सी भरली की विंडोजचा श्वास कोंडतो. रॅम अपुरी पडली की ती डिस्कवर काही जागा उसनी घेते, अपडेट उतरवून उलगडायला तिला आणखी जागा लागते, आणि दोन्हीला वाव उरला नाही की माउस फिरतो पण खिडकी उघडत नाही. म्हणून डिस्कचा किमान दहा-पंधरा टक्के भाग मोकळा ठेवावा, असा या क्षेत्रातल्या लोकांचा सल्ला असतो.

सफाईला हात घालण्याआधी मात्र दोन कामे चुकवू नयेत. पहिले, घरातले फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. दुसरे, 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची तब्येत पाहणे. तो 'गुड' म्हणाला तर पुढे जावे. 'कॉशन' म्हणाला तर सफाई बाजूला ठेवून जे वाचवता येईल ते आधी वाचवावे.

मग जागा कुणी खाल्ली ते शोधायचे. 'विनडरस्टॅट' किंवा 'विझट्री' हे प्रोग्रॅम सगळ्या फाइली आकाराच्या क्रमाने मांडून दाखवतात आणि तिथे घराचा इतिहासच उलगडतो. लग्नाच्या डीव्हीडीवरून उतरवलेला चार-साडेचार जीबीचा व्हिडिओ, त्याचीच दुसरी प्रत 'न्यू फोल्डर (२)' मध्ये. फोन बदलताना ओतलेले फोटो, एकदा डेस्कटॉपवर, एकदा डॉक्युमेंट्समध्ये. डाउनलोड्समध्ये एकाच गुणपत्रिकेच्या बारा पीडीएफ, कारण दर वेळी अर्जात 'दोनशे केबीच्या आत' म्हटले होते. संगणकावर व्हॉट्सॲप वापरणाऱ्या घरात गटांवरचे सुप्रभातही साठलेले असतात. यातले जपण्याजोगे ते डी वर हलवायचे आणि बाकीचे काढून रिसायकल बिनही रिकामी करायची. ती रिकामी केल्याशिवाय एक केबीसुद्धा सुटत नाही.

विंडोजचा स्वतःचा केरही कमी नसतो. जुन्या विंडोजवरच नवी चढवली असेल तर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर मागे राहू शकतो आणि तो दहा-पंधरा जीबी सहज अडवतो. तो हाताने खोडायच्या फंदात पडू नये. स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' लिहून ते उघडावे, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबावे आणि जुने इन्स्टॉलेशन, अपडेटचा उरलेला माल, तात्पुरत्या फाइली यांवर खूण करावी. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत याच यादीत डाउनलोड्सचाही चौकोन असतो. न वाचता सगळ्यांवर खुणा केल्या तर मुलाचे हॉलतिकीटही त्यात जाते. हायबरनेशनची फाइल ही दुसरी जागाखाऊ. विंडोज १० मध्ये ती साधारण रॅमच्या चाळीस टक्के असते, म्हणजे आठ जीबी रॅमच्या मशीनवर तीन जीबीहून अधिक. ज्या घरी डेस्कटॉप रोज शटडाउनच केला जातो, तिथे ती सोय बंद करून ही जागा परत मिळवता येते. 'विनएसएक्सएस' हा फोल्डर मात्र कितीही अवाढव्य दिसला तरी त्याला हात लावू नये. विंडोज त्याच्यावर उभी असते.

त्यानंतरची पायरी अनेक दुरुस्तीवालेही गाळतात. डाउनलोड्सवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', त्यात 'लोकेशन', तिथे डी ड्राइव्हवरचा नवा फोल्डर निवडून 'मूव्ह' केले की यापुढचे सगळे आपोआप डी मध्ये उतरते. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचेही तसेच करता येते. हे न करता नुसती सफाई केली तर वर्षभरात सी पुन्हा लाल होते.

'एका क्लिकमध्ये संगणक वेगवान' अशा जाहिरातींपासून मात्र चार हात लांब राहावे. २०१७ मध्ये 'सीक्लीनर' या जगभर वापरल्या जाणाऱ्या सफाईच्या प्रोग्रॅमच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता. ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली, आणि तीही कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमधून. नामांकित प्रोग्रॅमची ही गत, तर अनोळखी जाहिरातीतल्या 'बूस्टर'बद्दल काय बोलावे! रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना तर मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

जागा मोकळी झाली की संगणक आपल्या सवयीचा करून घ्यावा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' पानावर मशीन सुरू होताच जागे होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. प्रिंटरचा सहायक, कधीच न वापरलेला व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम, दोन-दोन अँटिव्हायरस अशी ती लांबत गेलेली असते. नको ते 'डिसेबल' करावे. खिडक्यांची सरकती चित्रे आणि सावल्या बंद कराव्यात. कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून घ्यावा. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. आजोबांसाठी अक्षर मोठे, मुलांसाठी वेगळे खाते, आणि रोज लागणारी संकेतस्थळे ब्राउझरच्या पट्टीवर मांडून ठेवलेली. दहा वर्षे दुकानदाराने लावून दिला तसाच चाललेला संगणक असा पहिल्यांदा घरच्या माणसांच्या हाताला येतो.

तरीही मशीन रखडत असेल तर पैसे खर्च करावेत, पण नेमक्या जागी. जुनी हार्ड डिस्क फिरत्या तबकडीवर चालते. कुठलीही फाइल शोधायला तिचा काटा हलावा लागतो आणि विंडोज सुरू होताना तो हजारो वेळा हलतो. सॅटा जोडणीची एसएसडी त्याच केबलवर बसते आणि सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते. जुनी डिस्क सगळे एका ओळीत असले तरी शंभर-दीडशेच्या पुढे क्वचित जाते. विंडोज एसएसडीवर आणि फोटो जुन्या डिस्कवर, ही विभागणी बहुतेक घरांना पुरते. रॅमचा दुसरा खाचा रिकामा आहे का, हेही पाहावे. फक्त डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ ची पट्टी बसत नाही, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जाण्याआधी जुनी पट्टी काढून सोबत घ्यावी.

नवे यंत्र घेण्याचा सल्ला आज पूर्वीइतका स्वस्तही राहिलेला नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरी चिपची मागणी एवढी वाढवली की रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. मायक्रॉनने त्याच डिसेंबरमध्ये 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी घरात असलेली चार-आठ जीबी रॅम भंगारात घालणे परवडणारे नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप रास्त आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. वैजापुरातल्या घराघरांतले जुने आय-३ त्यात बसत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये कॅनालिस या संस्थेने या अटीमुळे जगभरातले २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील असा अंदाज वर्तवला होता. घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत दिली; मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर त्यासाठी पैसेही लागत नाहीत. पण ही सोय तात्पुरतीच आहे.

टिकाऊ वाट लिनक्सची. 'लिनक्स मिंट'च्या हलक्या एक्सएफसीई आवृत्तीला किमान दोन जीबी रॅम आणि वीस जीबी डिस्क पुरते, चार जीबीत ती आरामात चालते. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कवर काहीही न उतरवता ती आधी चालवून पाहता येते. ब्राउझर, लिबरऑफिस आणि मराठी टंकलेखन हे सगळे त्यात आहे. अडचणी आहेत त्याही सांगितल्या पाहिजेत. डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल किंवा टंकलेखन परीक्षेच्या सरावाचे सॉफ्टवेअर तिथे चालेलच असे नाही. श्रीलिपी, कृतिदेव किंवा 'डीव्हीबी-टीटी सुरेख'मध्ये टाइप केलेले जुने अर्ज आणि करारनामे फाँट नसलेल्या मशीनवर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसतात. ते जुन्या मशीनवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. नव्या संगणकावर गेले तरी हे काम चुकत नाही.

प्रश्न असा, की हे लोकांना शिकवणार कोण? २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत माउस पोहोचवला, हे मोठे काम आहे. त्या पिढीला पत्र टाइप करता येते, तक्ता आखता येतो. आपल्या डिस्कवर काय साठलेय ते पाहता येत नाही. वापर शिकवला तशी निगाही शिकवायला हवी. केरळने शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती घडवली आणि २०१९ मध्ये दोन लाखांवर शालेय संगणकांवर तिची नवी आवृत्ती चढवायला घेतली. परवान्यांचे तीन हजार कोटी रुपये वाचतील असा त्यांचा हिशेब होता. महाराष्ट्राच्या हाताशी तर पुण्याची सी-डॅक आहे. भारतीय भाषा संगणकावर आणण्यात तिचा मोठा वाटा आहे आणि 'बॉस' ही लिनक्स प्रणालीही तिचीच. एवढे असून आपल्या शाळांत संगणकाची निगा हा विषय जणू नाहीच.

निगेअभावी टाकून दिलेला संगणक शेवटी ई-कचऱ्यात जातो. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, पण गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याला किलोवर विकलेला सीपीयू त्या साखळीत शिरत नाही. त्यातल्या डिस्कवर आधार कार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळे तसेच असते, हा धोका वेगळाच.

म्हणून मागणी मोठी नाही. मे महिन्याच्या सुट्टीत, प्रवेशाची धांदल सुरू होण्याआधी, तालुक्यातले एखादे महाविद्यालय, आयटीआय किंवा प्रशिक्षण केंद्र यांनी आठवडाभर निगा शिबिर भरवावे. लोकांनी घरचा सीपीयू घेऊन यावे, विद्यार्थ्यांनी बॅकअप, सफाई, फोल्डर हलवणे आणि गरज असेल तिथे लिनक्स चढवणे त्यांच्यासमोर, त्यांच्याच हातून करून घ्यावे. जे मशीन खरोखर संपले असेल त्याची डिस्क तिथेच पुसून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवायची सोय नगरपालिकेने करावी. नव्या योजनेची किंवा निधीच्या जीआरची वाट पाहायला लावेल असे यात काही नाही. एक सभागृह, वीज, दहा पेन ड्राइव्ह आणि शिकवायला तयार असलेली मुले एवढेच लागेल.