रे रोडचा फूटपाथ आणि दिल्लीचे न्यायासन

राज्यशास्त्राच्या तासाला सर्वोच्च न्यायालयाचे प्रकरण चालू होते. सरांनी फळ्यावर 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, 1985' असे लिहिले आणि घटनापीठावरील पाच न्यायमूर्तींची नावे सांगितली. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, या पाचांत बाई कोणीच नव्हती का?" वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण ती मुलगी कुठे राहते हे मला ठाऊक होते. आम्ही दोघे रोज रे रोड स्टेशनावर उतरतो. मी चाळीच्या खोलीत जातो, ती फूटपाथवरच्या झोपडीत. तोडायला माणसे आली की तिची आई आधी स्टोव्ह आणि हंडे उचलते, आणि ती पुस्तकांची पिशवी.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक विचार घोळतो आहे. न्यायासनावर कोण बसते, हा प्रश्न दिल्लीतल्या वकिलांपुरता आहे, की रे रोडच्या फूटपाथचाही आहे?

आधी तो खटलाच पाहू. 1981 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, फूटपाथवरील लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा मुख्यमंत्री अंतुले यांनी केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फूटपाथवासी घटनेच्या 32 व्या कलमाचा आधार घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी, म्हणजे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, निकाल लागला. 21 व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असे न्यायालयाने सांगितले. माणूस फूटपाथवर हौसेने राहत नाही, तिथून कामाची जागा जवळ असते म्हणून राहतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. दारूखान्यात आणि गोदीत राबलेल्या माणसांना हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती, पण कायद्याच्या पुस्तकात ते तेव्हा उमटले.

निकालाचा उरलेला भाग मात्र आपण फारसा सांगत नाही. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यातील 314 वे कलम आयुक्तांना पूर्वसूचना न देताही अतिक्रमण हटवू देते. ते कलम वैध ठरले. एरवी आधी सूचना द्यावी, बाजू ऐकून घ्यावी, कारण ऐकून घेण्यात माणसाची प्रतिष्ठा आहे, असे न्यायालय म्हणाले. आणि लगेच म्हणाले की आयुक्तांनी जी सुनावणी नाकारली ती आम्हीच येथे भरपूर दिली आहे. फूटपाथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, झोपड्या राहतील, मग हटवता येतील. 1976 च्या गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा मिळेल, इतकेच. हक्क मिळाला आणि छप्पर गेले, असा हा निकाल.

आता त्या पीठाकडे पाहू. चंद्रचूड आणि तुळजापूरकर हे दोघे आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. न्या. वरदराजन हे सर्वोच्च न्यायालयातील पहिले दलित न्यायमूर्ती. ते 1980 साली आले, न्यायालय सुरू होऊन 30 वर्षे लोटल्यावर. आणि बाई? पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी 1989 साली आल्या. म्हणजे 1985 मध्ये त्या पीठावर बाई असणे शक्यच नव्हते. ज्या प्रश्नाला वर्ग हसला, त्याचे उत्तर इतके गंभीर आहे.

माझे एक मित्र म्हणतात, "कायदा तो कायदा. न्यायाधीश बाई असो की बुवा, काय फरक पडतो?" मला हे पटत नाही. 21 व्या कलमाचे शब्द 1950 पासून तेच होते, त्यांत उपजीविका दिसायला 1985 साल उजाडले. शब्द बदलले नाहीत, वाचणारी नजर बदलली. न्यायाधीशाने आपल्या जातीची वा गावाची बाजू घ्यावी असे मी म्हणत नाही. पण तोडलेल्या झोपडीतली बाई त्या रात्री कुठे निजते, हा प्रश्न ज्याला सुचेल असा कोणीतरी तिथे असावा.

म्हणून निवडीची रीत महत्त्वाची. घटनेच्या 124 व्या कलमात तीन वाटा आहेत: उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, अनुभवी वकील आणि नामवंत विधिज्ञ. ही तिसरी वाट घटनेच्या पहिल्या 75 वर्षांत एकदाही वापरली गेली नाही. 1993 च्या निकालापासून निवडीत ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाचा शब्द अखेरचा झाला. 2015 मध्ये न्यायालयाने नवा नियुक्ती आयोग रद्द करून तीच रीत कायम ठेवली. सरकारच्या हातात निवड जाऊ नये, हे योग्यच. पण सरन्यायाधीशही अखेर माणूसच असतो, त्याला नकाराधिकार देणे धोक्याचे आहे, असा इशारा परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1949 मध्येच घटनासमितीत दिला होता. बंद खोलीतली निवड कितीही प्रामाणिक असली, तरी निवडणाऱ्याला आपल्या ओळखीचीच माणसे आधी आठवतात.

तरी केवळ माणसे बदलून भागत नाही, हेही मान्य केले पाहिजे. अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले की 15 दिवसांच्या नोटिशीशिवाय कोणाचे बांधकाम पाडू नये. मी तो निकाल मोठ्या आशेने वाचला. पुढे अपवाद होता: रस्ता, फूटपाथ आणि रेल्वेमार्गालगतची अनधिकृत बांधकामे यांना हा नियम लागू नाही. म्हणजे रे रोडला नाही.

हे मी त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, "मग आम्ही कुठे सांगायचं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती आता कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आहे. पुस्तके त्याच पिशवीत असतात. न्यायासनापर्यंतची वाट लांब आहे हे तिला माहीत आहे. ती वाट फूटपाथवरूनही निघावी, एवढी व्यवस्था करणे हे मात्र तिचे एकटीचे काम नाही. त्या तासाला हसणाऱ्या आम्हा सर्वांचेही ते आहे.